ऐकत नाही

शाळेचा फॉर्म चार पानी, पिवळट.
पंधरा ऑक्टोबरच्या आत आला नाही
तर मूल वर्गात बसणार नाही,
असं तळाशी ठळक अक्षरांत.
मी जूनमध्येच फ्रिजवर लावून ठेवला होता
पिझ्झावाल्याच्या चुंबकाखाली.

उंची, वजन, दात, डोळे, कान,
रक्तातलं शिसं.
घर अठ्ठ्याहत्तरच्या आधीचं आहे का?
आहे. भाड्याचं आहे.
खिडकीच्या रंगाचे पोपडे मी रोज पुसते.
परदेशातून आणलेले मसाले खातो का?
जालन्याहून सासूबाईंनी पाठवलेली हळद आठवली,
पेन जरा वेळ हवेतच राहिलं.
'हो' लिहिलं. खोटं कशाला.

शेवटच्या पानावर: पालकांची काही तक्रार?
दोन ओळी मोकळ्या.
मला हसू आलं. लिहून टाकलं,
ऐकत नाही.
लिहिलं इंग्रजीत, पण मनात मराठीच होतं:
कानीकपाळी ओरडा, ढिम्म हलत नाही,
या कानातून आत, त्या कानातून बाहेर,
बापावर गेलाय.

पिओरियातला काउंटीचा दवाखाना, ऑगस्टची दुपार.
आमच्या पुढे काँगोहून आलेली एक बाई, तीन मुलं, तीन फॉर्म.
एक आजोबा, टोपी हातात,
नातीच्या लशींचा कागद हरवलाय म्हणून
प्रत्येकाला सांगत होते, मलासुद्धा.

नर्स मिसेस प्रूइट. चष्मा साखळीला.
आधी 'निशॅड' म्हणाल्या,
मग मला विचारून दोनदा घोकलं: निषाद, निषाद.
अर्थ काय?
सप्तकातला शेवटचा सूर, मी म्हटलं. सगळ्यांत वरचा.

डोळ्यांच्या तक्त्यावर चित्रं होती.
सफरचंद. चौकोन. गोल.
घराला तो देऊळ म्हणाला,
वर टोक होतं म्हणून.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरच, देवाचं.
बरोबरची खूण झाली.

मग हेडफोन. लाल उजवा, निळा डावा.
टूं वाजलं की हात वर.
लालला हात भराभर वर गेला,
उत्तर येत असलेल्या मुलासारखा.
निळ्याला
तो बसून राहिला.
पाय हलवत. भिंतीवरच्या बेडकाकडे बघत.
अरे, लक्ष कुठंय तुझं,
हे माझ्या ओठांपर्यंत आलेलं.
बाईंनी वळूनही न बघता
तळहात माझ्यासमोर उभा धरला.
बटण फिरवलं. परत. परत.
आता ते टूं मला बाहेर ऐकू येत होतं
आणि तो बेडूक मोजत होता, एक, एकच.

माझ्या तक्रारीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ ओढली.
केव्हापासून?
पाणी साठलं असेल, म्हणाल्या,
बऱ्याचदा साठतं, बऱ्याचदा उतरतं.
कानाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.
शिशाचा रिपोर्ट बुधवारी.

केव्हापासून.
आपल्याकडे कान आणि डोळा शेजारी ठेवले
की दुर्लक्ष होतं. कानाडोळा.
गाडीत त्याची सीट मागे, उजवीकडे.
चालवताना मी जे जे बोलले
ते सगळं डाव्या कानाशी बोलले.
जेवायला बसतो तेव्हाही.
आणि मार्चमध्ये, बूट घालत नव्हता म्हणून,
मी कान पिळला होता.
समोर उभं राहिलं की
उजव्या हाताला तोच कान येतो.

रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता,
डावा कान वर.
मी वाकले, आणि जे म्हणायचं होतं
ते त्या कानात म्हटलं, पूर्ण वाक्य,
क्रियापदासकट.

त्यानं खांदा वर ओढला.
आई, गुदगुल्या.